जखमांच्या खुणा

(पिंपळनेर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणावरून)



पश्चिम खानदेशाला आपल्या हुतात्म्यांचा अभिमान आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर ब्रिटिश सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती धारातीर्थी पडले. त्या पाचांची नावे आपण मुलांना शिकवतो, ते योग्यच आहे.

याच मुलुखात आणखी पाच माणसे मारली गेली. १ जुलै २०१८, रविवार. याच पिंपळनेर पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर पोट भरणारे ते पाच जण. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून आधीच गावोगाव पोचली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारले. काहींनी त्याचे चित्रण केले. पुढे अटकेच्या भीतीने गाव ओस पडले. या पाचांची नावे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील?

नंदुरबारची आठवण आपल्याला मोठे करते, कारण तेथे मारणारे परके सरकार होते. राईनपाड्यात मरणारे गरीब, आणि मारणारेही खेड्यापाड्यांतले गरीबच. आपल्या सोयीच्या मांडणीत हा प्रसंग बसत नाही, म्हणून आपण त्याला नुसती ‘दुर्दैवी घटना’ म्हणतो. पण ज्याला गाव नाही त्याला संशयित ठरवणे, यामागे राजकारणाचा मोठा इतिहास आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये कायदा गेला, संशय राहिला.

मी ख्रिस्ती म्हणून यावर विचार करतो. आमच्या श्रद्धेच्या केंद्रस्थानीच एक राजकीय हत्या आहे. वधस्तंभ ही रोमन साम्राज्याने गुलामांसाठी व बंडखोरांसाठी राखलेली शिक्षा. परंतु शुभवर्तमान सगळा दोष सत्तेवर टाकून मोकळे होत नाही. तेथे हात धुणारा सुभेदार पिलात आहे, ओरडणारा जमाव आहे, आणि शेकोटीपाशी उभे राहून तीनदा गुरूची ओळख नाकारणारा पेत्रही आहे. हाच पेत्र पुढे मंडळीचा आधार झाला. त्याची नामुष्की गाळून टाकणे सोपे होते; पण चारही शुभवर्तमानांत ती नोंदलेली आहे. आम्ही ख्रिस्ती लोक हा धडा नेहमीच पाळतो असे नाही. जातीच्या भिंती आमच्या देवळांतही शिरल्या. तरीही धडा खरा आहे. स्वतःच्या माणसांचा अपराध लक्षात ठेवण्याचे धैर्य प्रत्येक चळवळीला हवे.

मग आशेला जागा कोठे? पुनरुत्थित ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या आणि संशयी थोमाला त्या दाखवाव्या लागल्या. नवे जीवन आले, पण जखम पुसून आले नाही. ती जखम कोणाचा सूडही मागत नव्हती. विसरणे आणि सूड, या दोहोंपलीकडची ही वाट आहे.

फादर स्टॅन स्वामी या वाटेने गेले. झारखंडच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी ते झटले. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांनाच अटक झाली. कंपवाताने हात थरथरत, म्हणून पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मागावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, खटला उभा राहण्यापूर्वीच मुंबईच्या रुग्णालयात त्यांचा अंत झाला. तेव्हाही ते कैदीच होते. बघ्याची भूमिका मात्र त्यांनी अखेरपर्यंत स्वीकारली नाही.

राईनपाड्यात बघेच फार होते. म्हणून माझे मागणे साधे आहे. अपराध्यांचा निवाडा न्यायालयाचा. आठवणीची जबाबदारी आपली. ९ सप्टेंबरला आपण जमतो, तसे १ जुलैलाही जमू या. पाड्यांवरच्या तरुणांना आणि भटक्या समाजाच्या कुटुंबांना एकाच सतरंजीवर बसवू या. ती पाच नावे मोठ्याने उच्चारू या. आणि उद्या कोणा अनोळखी माणसाभोवती गर्दी जमली, तर आपल्यातला एक तरी जण त्याच्या शेजारी जाऊन उभा राहील, एवढी तयारी करू या.