हाड मोडले, पण नाडी लागते ना?



पाय मोडला की चार माणसे जमतात. कुणी म्हणते, "हाडवैद्याकडे न्या." कुणी म्हणते, "आधी हळद-तेल चोळा." सगळ्यांचे लक्ष हाडाकडे. त्या हाडाला लागून एक नळी जाते, तिची मात्र कुणी विचारपूस करीत नाही. आज तिच्याविषयीच बोलायचे आहे.

हृदयाकडून हातापायांत रक्त नेणारी ही नळी म्हणजे रोहिणी. शाळेच्या पुस्तकात तिला धमनी म्हणतात. शेताला पाणी नेणाऱ्या पाटासारखे तिचे काम. गुडघ्यामागे आणि कोपराच्या पुढे ती हाडाच्या अगदी जवळून जाते. मोडलेल्या हाडाचे टोक कधी तिच्यात घुसते. कधी ती ताणून आतून फाटते, रक्त गोठते आणि वाट बंद होते. अशा वेळी बाहेर थेंबभरही रक्त दिसत नाही. पाट फुटला तर पीक चार दिवस तग धरते. रक्त तुटलेले स्नायू साधारण सहा तास. मग पाय वाचण्याची आशा झपाट्याने कमी होत जाते. हे तास अपघात झाल्यापासून मोजायचे, दवाखान्याच्या दारापासून नव्हे.

मग ओळखावे कसे? दोन्ही पाय उघडे करून शेजारी शेजारी पाहा. मोडलेला पाय गार लागतो का? फिकट दिसतो का? बोटांना मुंग्या येतात का, ती हलतात का? पावलाच्या वर किंवा आतल्या घोट्यामागे नाडी लागते का? हाताची नाडी मनगटाशी, अंगठ्याच्या बाजूला. आधी चांगल्या बाजूची शोधा, म्हणजे जागा कळेल. नाडी लागली तरी निर्धास्त राहू नका. पुन्हा पुन्हा पाहा. लागली नाही, तर एक क्षणही दवडू नका.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मूल झाडावरून हातावर पडले आणि कोपराच्या वर हाड मोडले, तर मनगटाची नाडी अवश्य पाहा.

आता काय करावे, ते ऐका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके ठेवून हाताने घट्ट दाबून धरा. तेवढ्याने थांबेना आणि जीवावर बेतले, तरच जखमेच्या वर रुंद पट्टा आवळा, वेळ लिहून ठेवा आणि तो मध्येच सैल करू नका. हाडाला फळीचा आधार द्या. पण बोटे उघडी ठेवा. कामट्यांची करकचून बांधलेली पट्टी चांगली रोहिणीसुद्धा बंद करते. चोळू नका, ओढू नका, गार पायाला शेक देऊ नका. शस्त्रक्रिया लागेल, म्हणून खायला-प्यायला देऊ नका. १०८ क्रमांकावर फोन करा आणि स्पष्ट सांगा, "हाड मोडले आहे आणि नाडी लागत नाही."

मोठ्या रुग्णालयात शल्यविशारद कधी कधी आधी तात्पुरती नळी घालून रक्त सुरू करतात, हाड स्थिर करतात, मग रुग्णाच्याच दुसऱ्या पायातली नीला काढून रोहिणीला जोड देतात. रक्त परतले की स्नायू सुजतात. म्हणून त्यांवरचे आवरण लांब चिरून काही दिवस उघडे ठेवावे लागते. ती जखम पाहून घाबरू नका. ती पाय वाचवण्यासाठीच असते.

याचा उपयोग किती? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांची मोठी रोहिणी तुटली की ती बहुधा बांधून टाकीत. शंभरांतल्या जवळजवळ पन्नासांचा अवयव कापावा लागे. १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धात जखमी लवकर पोहोचू लागले, रोहिणी शिवली जाऊ लागली आणि हे प्रमाण तेरावर आले. शिवणारे हात हवेतच. पण जखमी वेळेवर पोहोचला, तरच ते हात कामी येतात. आणि त्याला वेळेवर पोहोचवणारे तुम्ही-आम्हीच.

म्हणून, मंडळी, उद्या कुणाचे हाड मोडले तर आधी नाडी पाहा आणि मग घड्याळ पाहा.