जुन्या पिकअपला टर्बो इंजिन : पळेल, पण थांबेल का?

कानात इअरफोन, हातात पाना, असं ऐकणारे आपले बरेच दोस्त आहेत. आजचा एपिसोड खास त्यांच्यासाठी.

निफाडकडच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, बाबांची जुनी महिंद्रा पिकअप आहे, साधं डीआय इंजिन, टर्बो नाही. कांदा भरून वाशीला जातो. चढाला दम लागतो. भंगारवाल्याकडे स्कॉर्पिओचं एमहॉक मिळतंय. बसवू का?"

मी नाशकात गॅरेज चालवतो. हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. पोरांना वाटतं, इंजिन म्हणजे मोबाईलची बॅटरी. जुनं काढलं, नवं टाकलं. तसं नसतं भाऊ.

आधी मोह का होतो ते बघू. जुनं डीआय २५२३ सीसीचं, ताकद साठेक बीएचपी. एमहॉक २१७९ सीसीचं, म्हणजे आकाराने लहान, पण स्कॉर्पिओत त्याची ताकद १२० बीएचपी. लहान असून दुप्पट कशी? टर्बोमुळे. सायलेन्सरमधून वाया जाणारा गरम धूर एक पंखा फिरवतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून आत ढकलतो. मध्ये इंटरकूलर ती हवा थंड करतो. थंड हवा दाट असते. हवा जास्त म्हणून डिझेलही जास्त जाळता येतं. हिशोब साधा आहे.

आता काम काय काय निघतं, ते मोजा. फाउंडेशन नवीन बनवायचे. गिअरबॉक्स जुना ठेवला तर बेल हाउसिंग जुळत नाही, मध्ये प्लेट लागते. गिअरबॉक्स इंजिनासोबतचा घेतला तर प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. मोठा रेडिएटर हवा, इंटरकूलरला समोर जागा हवी. आणि खरी डोकेदुखी वायरिंगची. जुन्या डीआयला चालू राहायला जवळपास काहीच वीज लागत नाही, सगळा कारभार पंप आणि नोझलचा. एमहॉक कॉमन रेल आहे. क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर, इलेक्ट्रॉनिक एक्सलरेटर पेडल, इसीएम, सगळं एकमेकांशी बोललं तरच ते फिरतं. मूळ गाडीला इमोबिलायझर असेल तर चावीही जुळायला हवी. म्हणून नुसतं इंजिन विकत घेणारा फसतो. घ्यायचंच तर हार्नेस, इसीएम, पेडल, चावी सगळं एकाच गाडीचं घ्यावं लागतं.

डिझेलचंही तसंच. टायरमध्ये हवा साधारण दोन-तीन बार असते. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो. जुन्या टाकीतला गंज आणि पाणी तिथे पोचलं की इंजेक्टर गेले म्हणून समजा.

हे सगळं पैसे टाकून होतं. माझी काळजी वेगळी आहे.

ताकद वाढली की पाय आपोआप दाबला जातो. कालपर्यंत साठने जाणारी गाडी ऐंशीने जाते. वेग दीडपटही झाला नाही, पण थांबवताना ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा पावणेदोन पट झाली. त्यात मागे कांदा भरलेला. ब्रेकचे ड्रम, लायनर, पाटे, स्टिअरिंग, सगळं जुन्या वेगाच्या हिशोबाचं आहे. वर डिझेल गाडीत ब्रेक बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. इंजिन बदलताना त्याच्या पाइपात गळती राहिली तर पेडल दगडासारखं होतं. कसारा घाट चढताना टर्बो कामाला येईल. उतरताना काय कामाला येणार?

आणि कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये प्रत्येक बेकायदा बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. "आपल्याकडे कोण बघतंय?" असं पोरं म्हणतात. रस्त्यावर कोणी नाही बघणार. पण अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर इंजिन नंबर बघतो. समोरच्याचा जीव गेला आणि भरपाईवरून वाद उभा राहिला तर कोर्टात बाबा उभे राहतील, कारण गाडी त्यांच्या नावावर आहे.

म्हणून त्या भावाला माझं उत्तर : रोजच्या धंद्याच्या गाडीत हे करू नकोस. आहे त्या इंजिनाचं नीट काम कर. बोअर, रिंग-पिस्टन, हेड, नोझल, पंप कॅलिब्रेशन. क्लच प्लेट बघ, रेडिएटर साफ कर. जुनी डीआय निम्मा दम तर नुसत्या झिजलेल्या नोझलमुळे आणि चोंदलेल्या एअर फिल्टरमुळे सोडते. इंजिन खरंच गेलं असेल तर त्याच मेकचं, त्याच प्रकारचं बसव, आणि आधी आरटीओत जाऊन विचार, नवा नंबर आरसीवर चढवून घे. एवढं करूनही ताकद कमी पडत असेल तर तुझा धंदा गाडीपेक्षा मोठा झालाय. मग जुनी वीक आणि कंपनीतून टर्बो बसून आलेली सेकंडहँड पिकअप घे. तिचे ब्रेकही त्याच ताकदीच्या हिशोबाचे असतात.

आणि टर्बोची गाडी घेतलीस तर एक सवय लाव. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवायची नाही. एक-दोन मिनिटं स्लो चालू दे. टर्बो तापलेला असतो, ऑइल फिरत राहिलं तर बेअरिंग वाचतं.

तुमच्याकडे कुठली जुनी गाडी आहे, काय त्रास देते, व्हॉइस मेसेज टाका. पुढच्या वेळी त्यावर बोलू. गाडी जपून चालवा!