कडेवरचं भावंड
(शिक्षिकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मी शिक्षिका नाही. शाळेत न येणाऱ्या मुलींच्या घरी जाणं हे माझं काम. तेव्हा शिक्षिकेने काय मानावं हे मी सांगणं आगाऊपणाचं वाटेल. तरी बोलते, कारण माझ्या हातून एक चूक झाली आहे.

आमच्या वस्तीतली तिसरीतली एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गात यायची. बाई म्हणाल्या, "त्याला घरी ठेवून ये." ती गेली ती परत आलीच नाही. मी अहवालात लिहिलं, 'गळतीचं कारण : पालकांची अनास्था.' आई पहाटेच धुण्याभांड्याच्या कामाला बाहेर पडायची. बाळाला सांभाळायला दुसरं कोणीच नव्हतं. एवढं साधं विचारायचंही मला सुचलं नाही.

पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम वाचलं आणि मान खाली गेली. १९४५ साली या दोघींनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये वाढलं. मुलगे गुरं राखायला जातात, म्हणून शाळा येत नाहीत. तर शाळाच कुरणात गेली. मुली भावंडं सांभाळतात. तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तीच विकासवाडी. बाळ पाळण्यात, ताई वर्गात. लहानपणीच विधवा झालेल्या अनुताईंना मुलीचं शिक्षण कशाने अडतं हे कुणी सांगायची गरज नव्हती.

२००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पण कडेवरचं बाळ सहाच्या आतलं! ते त्या हक्कात बसत नाही, आणि त्याच्यापायी बहिणीचा हक्क कागदावर राहतो.

आता शाळेशेजारच्या समाजमंदिरात आमच्या मंडळातल्या दोघीजणी शाळेच्या वेळात बाळं सांभाळतात. दोन मुली वर्गात परतल्या. ती पहिली मात्र आली नाही.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं. हजेरीपटावर नाव कापण्याआधी मुलीला विचारा, "घरी तुझ्यावाचून काय अडतं?" आणि उत्तर मिळेपर्यंत वर्गाच्या कोपऱ्यात एक सतरंजी टाका. बाळ थोडं रडेल. रडू द्या. त्याची ताई शिकत असेल.