पुढच्या चाकांची झीज काय सांगते

(जिल्ह्यातील शासकीय वाहनांचे चालक, वाहने ताब्यात असलेले अधिकारी, शिक्षक व पंचायत समितीचे सभासद यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार दुरुस्तीचे काम मी सत्तावीस वर्षे शिकविले. त्यामुळे इंजिनावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज टायरविषयी बोलणार आहे, आणि तेही पुढच्या दोन टायरांविषयी. इंजिन बिघडले तर गाडी थांबते, आणि थांबलेली गाडी सहसा कोणाचा जीव घेत नाही. टायर बिघडला तरी गाडी चालतच राहते, ही त्यातली खरी अडचण आहे.

२०१६ च्या पावसाळ्यातील एक प्रसंग सांगतो. एका आरोग्य केंद्राची जीप प्रसूतीसाठी निघालेल्या एका भगिनीला घेऊन रात्री ग्रामीण रुग्णालयाकडे चालली होती. वाटेत पुढचा डावा टायर फुटला. चालक अनुभवी होता. त्याने ब्रेकवर पाय दाबला नाही, स्टिअरिंग घट्ट धरून गाडी हळूहळू कडेला घेतली, भर पावसात स्टेपनी चढविली आणि पुढे निघाला. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. दुसऱ्या दिवशी तो टायर आमच्या कार्यशाळेत आला. सोबत पत्र होते की, टायर अवघ्या तीन महिन्यांपूर्वी खरेदी केलेला आहे, तरी तो सदोष असल्याचा दाखला मिळावा, म्हणजे कंपनीशी पत्रव्यवहार करता येईल.

टायर मी उभा करून पाहिला. बाहेरील अर्ध्या भागावर नक्षी जवळजवळ कोरी होती. आतील कडेला मात्र दोन बोटे रुंदीचा पट्टा साफ गोटा झालेला, आणि त्यातून तारा डोकावत होत्या. मी दाखला दिला नाही. गाडी पाठवा म्हणून कळविले. गाडी घेऊन चालक स्वतः आला. तो म्हणाला, “सर, उन्हाळ्यात मोरीच्या तुटल्या कडेवरनं चाक खाली गेलं होतं. तवापासून गाडी डावीकडं ओढते. मी सांगितलं होतं, पण तोंडी.” तपासणीत डाव्या चाकाचा खालचा आर्म किंचित वाकलेला आढळला. त्याआधीचा टायरही आतूनच झिजला होता, परंतु तो भंगारात गेला आणि त्याच्या जागी नवा आला. वाकलेल्या आर्मची किंमत अशा रीतीने दोन टायरांनी भरली, आणि तिसऱ्याची मागणी तयार होती.

हे घडते कसे, ते समजून घेऊ. आपल्या बैलगाडीची दोन्ही चाके एका आसावर असतात. वळताना बैल जू घेऊन वळतात आणि सगळी गाडीच फिरते. मोटारीचे तसे नाही. पुढचे प्रत्येक चाक आपापल्या खुंटीवर वळते आणि दोन्ही चाके टाय-रॉडने एकमेकांशी बांधलेली असतात. ही कल्पना म्युनिकच्या लँकेन्स्पेर्गर नावाच्या गाडी बनविणाऱ्या कारागिराची. त्याच्या वतीने रुडॉल्फ अकरमन याने १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले, आणि नाव मात्र अकरमनचे राहिले! सोय मोठी झाली, पण त्याबरोबर एक जबाबदारीही आली. ही दोन स्वतंत्र चाके एकमेकांशी आणि रस्त्याशी नेमक्या कोनात ठेवावी लागतात. त्यालाच आपण अलाइनमेंट म्हणतो.

त्यात तीन मापे पाहतात. चाकांची तोंडे पुढे एकमेकांकडे वळलेली आहेत की बाहेर, हे टो-इन आणि टो-आउट. समोरून पाहता चाक उभे आहे की कललेले, हा कॅम्बर. सायकलच्या पुढच्या फोर्काला असतो तसा तिरपेपणा, म्हणजे कॅस्टर. वळणानंतर चाक आपोआप सरळ होते ते त्याच्यामुळे. कॅस्टरने टायर फारसा झिजत नाही. टायर खातात ते पहिले दोन, आणि त्यातही टो अधिक.

किती खातो, याचा हिशेब शिक्षक मित्रांनी वर्गात मुलांना अवश्य घालावा. टायरचा व्यास ६० सेंटिमीटर धरा. दोन्ही चाकांमधील पुढचे अंतर मागच्या अंतरापेक्षा योग्य मापाहून फक्त ३ मिलिमीटरने अधिक भरले, म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला दीड मिलिमीटर आले. ६०० मिलिमीटरला दीड, तर १ किलोमीटरला अडीच मीटर. याचा अर्थ, प्रत्येक किलोमीटर सरळ चालताना ते चाक अडीच मीटर आडवे फरफटण्याच्या खटपटीत असते. पुण्याहून मुंबईस, म्हणजे सुमारे १५० किलोमीटर जाईतो हा आकडा पावणेचारशे मीटरांवर जातो. एवढे अंतर आपला जोडा डांबरावर आडवा घासत नेला तर तळाचे काय होईल, याची कल्पना करावी.

आमचे जुने मिस्त्री हे माप यंत्राविना काढीत. चाक जॅकवर उचलून फिरवावयाचे, फिरत्या टायरवर खडू धरून पांढरा पट्टा काढावयाचा आणि त्यावर खिळ्याने बारीक रेघ ओढावयाची. मग गाडी खाली उतरवून थोडी पुढे ढकलावयाची आणि दोन चाकांवरील रेघांमधील अंतर आसाच्या उंचीवर आधी मागून, मग पुढून मोजावयाचे. आज संगणकावर चालणारी यंत्रे तालुक्याच्या गावीही आहेत आणि त्यांची अचूकता निर्विवाद आहे. तरी खडूची ही रीत मी विद्यार्थ्यांकडून आवर्जून करून घेत असे, कारण तीतून यंत्र काय मोजते ते कळते.

आता टायर वाचावयाचा कसा? दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत असेल, तर हवा कमी राहिली. मध्य झिजला तर हवा जास्त. जागोजागी खळगे पडले असतील, तर शॉकअप, बेअरिंग किंवा बॅलन्सिंग तपासावे. पुढील दोन्ही टायर बाहेरच्या कडेस सारखे झिजले तर टो-इन जास्त झाला, आतल्या कडेस झिजले तर टो-आउट. एकाच चाकाची एकच कड गेली असेल, तर त्या बाजूचा कॅम्बर बिघडला असे धरून वाकलेला भाग शोधावा. आपल्याकडे हे चाक बहुधा डावे असते. समोरून ट्रक आला की आपले डावे चाक डांबराची कड सोडून साइडपट्टीवर उतरते, आणि पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा किती खोल आहे हे चाक आत गेल्यावरच समजते.

टोचा दोष डोळ्यांना दिसण्यापूर्वी हाताला लागतो. तळहात टायरवर आडवा फिरवावा. बाहेरून आत जाताना गुळगुळीत लागले आणि आतून बाहेर येताना करवतीसारखे दात लागले, तर टो-इन जास्त आहे. उलट लागले तर टो-आउट. तारा निघालेल्या नाहीत, एवढे मात्र आधी पाहून घ्यावे.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये. नक्षीच्या खाचांत तेवढ्याच उंचीच्या आडव्या पट्ट्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. झिजलेला पृष्ठभाग त्यांना येऊन मिळाला की टायर संपला. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यावर वेगात टायर फुटण्याचा प्रश्न ऐरणीवर आला आणि परिवहन विभागाने गाड्यांचे टायर तपासण्यास आरंभ केला. हे योग्यच झाले. परंतु उभ्या गाडीपाशी उभे राहून पाहणाऱ्याला टायरची बाहेरची बाजूच दिसते, आणि त्या जीपचा टायर बाहेरून उत्तम होता. आतील कड पाहावयाची तर स्टिअरिंग पूर्ण वळवून, वाकून, टॉर्च घेऊनच पाहिले पाहिजे.

काहीजण यावर सोपा उपाय करतात : पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे. दर ८ ते १० हजार किलोमीटरला अशी अदलाबदल करणे चांगलेच. पण दोष न काढता केली, तर ती दोन टायर खाऊन झालेल्या गाडीला आणखी दोन वाढून देण्यासारखी होते.

अलाइनमेंटला गाडी नेताना प्रथम हवा दारापाशी लिहिलेल्या मापाप्रमाणे, टायर थंड असताना भरून घ्यावी. टाय-रॉड एन्ड, बॉल जॉइंट, बुश ढिले आहेत का, हे आधी पाहण्याचा आग्रह धरावा. ढिल्या सांध्यावर केलेली जुळणी पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकते. आधीच्या आणि नंतरच्या मापांचा छापील कागद मागून घ्यावा. अनेक लहान मोटारींत पुढे फक्त टोच फिरविता येतो. तेथे कॅम्बर चुकीचा दिसत असूनही “सगळे बरोबर केले” असे कोणी सांगत असेल, तर त्याने केवळ टो फिरविला आहे, असे खुशाल समजावे.

अधिकारी मित्रांना एक विनंती आहे. आपल्या नोंदवहीत किलोमीटर लिहिले जातात, डिझेल लिहिले जाते, टायर खरेदीची तारीख लिहिली जाते. जुना टायर कोणत्या कडेस झिजला होता, ते कोणी लिहीत नाही. ती एक ओळ लिहिल्याखेरीज नव्या टायरची मागणी मंजूर करू नये, आणि “गाडी ओढते” असे चालकाने सांगितले तर ते त्याच दिवशी वहीत उतरवून खाली सही करावी. त्या रात्री गाडी सावरणाऱ्या माणसाने ही गोष्ट आधी सांगितलेली होती, आणि ती कागदावर कोठेही नव्हती.

माझे बोलणे येथे थांबवितो. बाहेर पटांगणात तीन गाड्या उभ्या आहेत. चालक बांधवांनी स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवून ठेवावे. आपण सर्वजण एकेक टायर हाताने पाहू आणि काय आढळले ते वहीत लिहू.