खोलीला लागून न्हाणी

वसतिगृहे, वृद्धाश्रम, निवासी शाळा, भक्तनिवास चालवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

थेट २०२० सालावर येतो. परक्या माणसाला आसरा देण्यात काय काय येते, याची आपणा सर्वांची परीक्षा त्या वर्षी झाली.

२८ मार्च २०२० ला बुलडाण्यात कोरोनाचा पहिला बळी गेला. टाळेबंदीचा तो चौथाच दिवस. त्याच जिल्ह्यातल्या शेगावचे गजानन महाराजांचे मंदिर त्याआधीच दर्शनासाठी बंद झाले होते. भाविक नाहीत म्हटल्यावर भक्तनिवासांना कुलपे लावून गजानन महाराज संस्थानला थांबता आले असते. संस्थानने पाचशे खाटांची विलगीकरणाची सोय सज्ज केली आणि रोज दोनेक हजार माणसांचा स्वयंपाक सुरू केला. लोकांनी दुरूनच हात जोडले, ते योग्यच होते. पण आपण या कामातली माणसे आहोत. नुसते हात जोडून आपले भागणार नाही. हे इतक्या लवकर कसे जमले, ते आपण समजून घेतले पाहिजे.

विलगीकरणाला खाटेच्याही आधी लागते ते खोलीला लागून संडास आणि न्हाणी. दहा माणसांना एकच संडास असेल, तर त्यांना दहा खोल्यांत ठेवूनही उपयोग नाही. मग लागतो मोठा मुदपाक, चादरी वेळेवर धुऊन येण्याची रीत, कोण कुठल्या खोलीत उतरले याची चोख नोंद, आणि फरशी पुसण्यात कमीपणा न मानणारी माणसे. शेगावात हे सारे यात्रेकरूंसाठी वर्षानुवर्षे रोज चालत आले होते. तिथला सेवाधारी बिनपगारी असतो, पण त्याच्या कामात ढिलाई चालत नाही. ही शिस्त संस्थानचा कारभार पाहणाऱ्या शिवशंकरभाऊ पाटलांनी लावली. संस्थानचा चहासुद्धा ते घेत नसत, असे सांगतात. ४ ऑगस्ट २०२१ ला, साथ पुरती सरलेली नसतानाच, भाऊ गेले.

आता दुसरे चित्र पाहा. २०२० च्याच मे महिन्यात मुंबई-पुण्याहून परतलेल्या आपल्याच लेकरांना गावोगाव जिल्हा परिषदेच्या शाळांत चौदा दिवस ठेवले गेले. बाके भिंतीशी सरकवून सतरंज्या अंथरल्या. घरून डबा यायचा. आई तो फाटकाशी ठेवून मागे सरायची, मग पोरगा पुढे येऊन उचलायचा. आंघोळीला आडोसा नाही, रात्री पंख्याला वीज नाही. गावाने जमेल ते केले, शिक्षकांनी आणि आशाताईंनी जीव ओतला, पण ती इमारत मुळात माणसाने मुक्काम करावा म्हणून बांधलेलीच नव्हती. प्लेगच्या काळात आपले पणजोबा गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिले. सव्वाशे वर्षांनी आपण फक्त वर्गखोलीपर्यंत आलो. याचे मला फार वाईट वाटते.

मुंबईत मात्र १८९६ च्या त्याच प्लेगनंतर दोन वर्षांत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि हवा-उजेडाचा विचार करून दादर-माटुंग्याची वस्ती आखली गेली. त्या ट्रस्टने गरिबांची घरे पाडली, हेही खरे. पण साथ संपली म्हणून ती विसरायची नसते, एवढे तरी त्या काळच्या लोकांना कळले होते.

भाड्याचा प्रश्नही बाजूला ठेवता येणार नाही. १७ एप्रिल २०२० ला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना कळवले की किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकला, थकबाकीसाठी कुणाला बाहेर काढू नका. तरीही खोली हातची गेलेली माणसे मलकापूर, नांदुरा, खामगावच्या हमरस्त्याने डोक्यावर बोचके घेऊन छत्तीसगडच्या दिशेने चालत निघाली. ज्यांनी त्यांना काढले, ते सगळे दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. भीती होती, हप्ते होते. पण साथीत दार बंद करायचे नाही, असे कुठल्याही खोलीच्या करारात लिहिलेले नव्हते. आपल्या संस्थांच्या नियमावलीत तरी आहे का? आधी आपापली पुस्तके उघडून पाहू या.

वृद्धाश्रमांबद्दल एकच सांगतो. भेटी बंद करणे भाग होते. पण रोज ठरल्या वेळी मुलाशी फोन जोडून देणे हे औषधाइतकेच आवश्यक काम आहे, आणि त्यासाठी माणूस नेमलेला हवा.

म्हणून तुमच्यापुढे एक ठराव ठेवतो. साथ जाहीर झाल्यावर थकबाकीसाठी किंवा आजाराच्या संशयावरून आपली कुठलीही संस्था निवासी माणसाला बाहेर काढणार नाही. प्रत्येक संस्था निदान दोन खोल्या स्वतंत्र संडास-न्हाणीसह कायम राखील. नवे बांधकाम खोलीला लागून न्हाणी असल्याशिवाय मंजूर करणार नाही. यात खर्च आहे, हे मला ठाऊक आहे. त्या खर्चावर दुपारच्या सत्रात मोकळेपणाने बोलू या, आणि संध्याकाळी उठण्यापूर्वी या ठरावावर सह्या करू या.