दिवाणखान्यांतील भेक

पावसाळ्यांत संध्याकाळीं दाराबाहेरचा दिवा लागला, कीं पायरीच्या कोपऱ्यांतून एक जाडसर, मातकट रंगाचा, खडबडीत कातडीचा प्राणी हळूच पुढें येतो आणि दिव्याखालीं पडणारे किडे टिपूं लागतो. त्याला सर्वजण बेडूकच म्हणतात. शास्त्रीय ग्रंथांत मात्र त्याला भेक असें निराळें नांव आहे. बेडूक लांब उडी घेतो, तर भेक आखूड पायांनीं चालतो, किंवा चालण्याचा कंटाळा आल्यास लहानशी उडी मारतो. घरांतील मंडळी त्याला केरसुणीनें लोटून देतात. त्याच्या स्पर्शानें चामखीळ उठते, अशी समजूत पुष्कळ देशांत आहे. ती निराधार आहे. त्याच्या डोळ्यांमागील ग्रंथींत विषारी रस असतो हें खरें. कुत्र्यानें त्याला तोंडांत धरल्यास त्याच्या तोंडाला फेस येतो, आणि भेक हाताळल्यावर हात धुणें केव्हांहि चांगलें. परंतु चामखिळीशीं त्याचा कांहीं एक संबंध नाहीं. अशा प्राण्याला कोणी हौसेनें पाळीत असेल, ही कल्पनाच अनेकांना विचित्र वाटेल. तथापि इंग्लंडांत ही हौस जुनी आहे, आणि तिची एक हकिकत ऐकण्यासारखी आहे.

अठराव्या शतकांत डेव्हन परगण्यांतील टेटकॉट येथें अरस्कॉट नांवाचें जमीनदार घराणें रहात असे. त्यांच्या घराच्या पायऱ्यांपाशीं एका बिळांत एक मोठा भेक राही. रोज कांहींतरी खावयास मिळूं लागल्यामुळें तो इतका माणसाळला, कीं संध्याकाळीं मेणबत्ती आणली म्हणजे बिळांतून बाहेर येई आणि कोणी उचलून घ्यावें अशा आशेनें वर पाही. मग त्याला घरांत नेऊन टेबलावर ठेवीत आणि कोंड्यांत राखून ठेवलेल्या अळ्या त्याच्यापुढें टाकीत. अळी वळवळली कीं तो तिच्यावर नजर रोखून कांहीं क्षण निश्चल राही, आणि पाहणाराच्या डोळ्याला दिसण्यापूर्वींच अळी नाहींशी झालेली असे. लहानपणीं दायांनीं मनांत भरवलेली किळस विसरून स्त्रियाहि हा भोजनसमारंभ पाहण्यास येत. थोरल्या अरस्कॉटांनीं या भेकाला किती वर्षें पाहिलें होतें, हें त्यांच्या मुलास सांगतां आलें नाहीं. स्वतःच्या माहितीचीं ३६ वर्षें मात्र त्यानें खात्रीनें लिहून कळविलीं. थॉमस पेनंट या निसर्गशास्त्रज्ञानें तो मजकूर आपल्या ग्रंथांत छापल्यामुळें हा भेक अजून स्मरणांत राहिला आहे.

त्याचा शेवट दुःखद झाला. घरांत एक पाळीव डोमकावळाहि होता. एके दिवशीं त्यानें भेकाला बिळाच्या तोंडाशीं पाहिलें आणि बाहेर ओढलें. मालकानें सोडविलें, परंतु तोंवर एक डोळा गेला होता. पुढें तो वर्षभर जगला. पण एका डोळ्यानें नेम साधेना, अळीवर फेकलेली जीभ भलतीकडे पडे, आणि त्याला पूर्वीचें सुख उरलें नाहीं. घरच्या एका हौसेनें दुसरीचा घात केला.

या हकिकतीवरून भेक पाळणें सोपें वाटेल, आणि एका मर्यादेपर्यंत तें सोपें आहेहि. ओलावा, सावली आणि जिवंत खाद्य एवढीच त्याची गरज. गांडूळ, अळी, बिनशंखाची गोगलगाय, जें हलेल तें त्याला चालतें. न हलणारें तो अन्न म्हणून ओळखतच नाहीं. पाणी तो तोंडानें पीत नाहीं. ओल्या जागीं बसून पोटाच्या कातडीनें शोषून घेतो.

परंतु पाळणें निराळें आणि पैदास होणें निराळें. युरोपांतील हा भेक हिवाळाभर मातींत किंवा लाकडांच्या ढिगाखालीं निपचित पडून असतो. दयाळू मालकानें त्याला उबदार खोलींत ठेवून बारा महिने खाऊ घातलें, तर तो गुबगुबीत होतो. विणीची इच्छा मात्र त्याला बहुधा होत नाहीं. तो गारठाच त्याच्या देहाला वसंताची तयारी करावयास लावतो. (आपल्याकडील भेकाला हें काम पावसाळा करतो.) फेब्रुवारी-मार्चमधील पहिल्या उबदार, ओल्या रात्रीं तो बाहेर पडतो आणि तळ्याकडे निघतो, तेंहि वाटेल त्या तळ्याकडे नव्हे. वाटेंत दुसरें पाणी लागलें तरी तें सोडून पुष्कळसे भेक आपल्या पूर्वींच्याच तळ्यावर जातात. नर मादीच्या पाठीवर घट्ट बसतो, आणि मादी पाण्यांतील वेलींभोंवतीं दोन-तीन मीटर लांबीची माळ गुंडाळते. तींत काळीं अंडीं दुहेरी ओळींत ओंवलेलीं असतात. एका माळेंत अंडीं हजारांनीं मोजावीं लागतात. त्यांतून निघणारे बेडूकमासे चवीला इतके वाईट, कीं मासे त्यांच्या वाटेस सहसा जात नाहींत. उन्हाळ्यांत नखाएवढे भेक एकदमच कांठावर चढतात. त्यांतले फारच थोडे मोठे होतात.

कांचेच्या पेटींत अंडीं आणून ठेवणाऱ्या हौशी माणसाची खरी परीक्षा येथें होते. त्या नखाएवढ्या शेंकडों तोंडांना रोज सूक्ष्म किडे कोठून पुरवावयाचे? बहुतेक पिलें उपासानें मरतात. उरलेलीं मग जवळच्या तळ्यांत सोडून देण्याचा मोह होतो, आणि ही भूतदया सर्वांत घातक. एका पाण्यांतला रोग दुसऱ्या पाण्यांत त्याच मार्गानें जातो. ब्रिटनमध्यें १९८१ च्या कायद्यानें सामान्य भेकाच्या विक्रीस बंदी आहे, आणि वाळवंटी किनाऱ्यांवर आढळणाऱ्या, पाठीवर पिवळी रेघ असलेल्या दुर्मिळ जातीला तर परवान्याशिवाय पकडतांहि येत नाहीं. म्हणून तेथील जाणत्या हौशी लोकांनीं रीत उलटी केली. भेकाला घरांत आणण्याऐवजीं ते बाग भेकाच्या सोयीची करतात: एका कोपऱ्यांत लाकडांचा ढीग, फुटकी कुंडी उपडी, शक्य तर तळें, आणि गोगलगाईंसाठीं विष मुळींच नाहीं. मग भेक आपला आपण येतो, किंवा येत नाहीं.

मात्र रान आणि तळें यांच्यामधून आतां मोटारींचे रस्ते गेले आहेत. भेक वाट बदलीत नाहीं, आणि सावकाश चालतो. वसंतांतील त्या दोन-चार आठवड्यांत तो मोठ्या संख्येनें चिरडला जातो. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें सुमारें तीस वर्षांत ब्रिटनमधील भेकांची संख्या सरासरीनें ६८ टक्क्यांनीं घटली. हा आंकडा मिळाला तो स्वयंसेवकांच्या टिपणांवरून. संध्याकाळीं हे लोक विजेऱ्या आणि बादल्या घेऊन ठराविक रस्त्यांवर उभे राहतात, भेक उचलतात, मोजतात आणि पलीकडे नेऊन ठेवतात. नवख्यास प्रथम एकच गोष्ट सांगावी लागते: भेकाचें तोंड ज्या बाजूस असेल, त्याच बाजूस त्याला सोडावयाचें. आला त्या बाजूस परत ठेवला, तर बादली रिकामी होण्याच्या आंतच तो पुन्हां रस्त्यावर आलेला असतो.