वर्दी उतरल्यावर

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. ते गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. पोरं सैन्यात का जातात? देशप्रेम असतंच, पण मला कोरडवाहू जमीन, बहिणीचं लग्न आणि भिंतीवरचा आजोबांचा वर्दीतला फोटोही दिसतो. पोटासाठी गेला म्हणून शौर्य उणं होत नाही. १९६५ मध्ये खेमकरणला रणगाडे फोडणारे परमवीर अब्दुल हमीद शिंप्याच्या घरातले होते.

शहिदाच्या अंत्ययात्रेला आपण गर्दी करतो; निवृत्तीनंतर बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला मात्र रामरामही घालत नाही. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर चौघांतल्या एकालाच कायम ठेवायची तरतूद झाली. घरी परतणाऱ्या बाकीच्यांना हारतुऱ्यांपेक्षा काम हवं आहे.